वरच्या पाण्यातला

इल्यासभाईंनी आधी काचेवर नख वाजवलं,
मग विचारलं, टाकी केवढी?
तीन फूट, म्हटलं. पाणी आजव्याचं, दोन दिवस मुरवलेलं.
कॉन्व्हिक्टची जोडी. अंगावर कैद्याचे पट्टे,
मादीच्या पोटावर पपईच्या फोडीचा रंग,
म्हणजे ती तयार आहे.

दसऱ्यानंतर खंडेराव मार्केटबाहेर
न खपलेले गरबे दहा-दहा रुपयांना निघाले होते,
भोकाभोकांचे, आत दिवा ठेवायचे.
एक आणला. रंग खरवडला, भिजवला,
वाळूत आडवा ठेवला.
वहिनी म्हणाली, देवीचं मडकं आहे ते.
दादा म्हणाला, देवीला विचारलंस का?
दोघं एकाच चौकटीत उभी होती.

आता सोबतीला कोण?
एंजल नको, त्याच्या पदराच्या चिंध्या होतील.
गप्पी म्हणजे नाश्ता.
गोल्डफिश रावपुऱ्यातल्या पेन्शनरासारखा,
दुपारी कुणी धक्का दिला तर गेलाच.
सकर तर नकोच नको. दिवसभर काचेला चिकटून जप करतो
आणि रात्री अंडी खातो.
मग कुणीच नको, मी म्हटलं.
दोघंच राहू देत सुखानं.

इल्यासभाई हसले नाहीत.
'एकलां मूकशो तो लडी मरशे.'

मी ऐकलं नाही.
चौथ्या दिवशी मादी फिल्टरच्या मागे,
शेपटीचा अर्धा पंखा गायब.
नर गरब्याच्या तोंडाशी,
हाकलायला दुसरं कुणी नाही
म्हणून जी होती तिलाच हाकलत.

मग पाच जायंट डॅनियो आणले.
खालच्या जमिनीत त्यांना रस नाही.
वर वर पळतात, दमत नाहीत,
शिवी लागायच्या आत पुढे गेलेले असतात.
नर धावून गेला. मादी दुसऱ्या बाजूनं.
त्या आठवड्यात पहिल्यांदाच
दोघांची तोंडं एका दिशेला.
आणि वर डॅनियो बिनधास्त फिरत असले
की खालच्यांना कळतं म्हणे, आभाळ ठीक आहे.

गेल्या वर्षी दोन महिने मी दाहोदला होतो,
मीटर बदलायच्या कामावर.
परतलो तर दादा नाक्यावर उभ्यानं सेव-उसळ खाताना दिसला,
रात्री साडेनऊला.
घरात टीव्हीचा आवाज इतका
की जिन्याचा कठडा थरथरत होता.
मी चपला न काढताच आत गेलो, चिखलासकट.
मागोमाग दादा आला.
'अरे!' दोघं एकदम म्हणाली.
त्या रात्री तिघं एकत्र जेवलो.
मला वाटलं, माझ्या येण्याचा आनंद.

मांजलपूरला एक खोली पाहिली आहे.
बाना देऊन झाला. किल्ली खिशात आहे.
एकेचाळिसाव्या वर्षी माणसाला स्वतःचं दार हवं
असं दोघंही म्हणतात,
वेगवेगळ्या वेळी, मला एकट्याला गाठून.

आज पहाटे गरब्यातून पिल्लं निघाली.
टाचणीच्या डोक्याएवढी, एकेका भोकातून,
नवरात्रात उजेड निघतो तशी.
आई खाली, बाप वर, मध्ये तो धूर.

पाणी बदलायला हवं.
दादा पेपरमागे. वहिनी मेथी निवडतेय,
काडी मोडल्याचा आवाज येईल इतक्या जोरात.
काय झालं ते मी विचारत नाही.
बादली उचलतो.
दादाच्या पायाशी ती थोडी कलंडते,
थोडी मीच कलंडवतो.

'डोळे आहेत की बटणं?'
'रोजचंच आहे ह्याचं.'
'तूच सांग त्याला.'
'मी सांगून थकले. तुमचाच भाऊ.'
'ते पुसायचं फडकं कुठेय?'
'थांबा, देते.'

मी जिना चढून माझ्या खोलीत येतो.
खालून दोघांचा आवाज, अजून माझ्यावरच.
डॅनियो उड्या मारतात, इल्यासभाईंनी बजावलं होतं.
टाकीला झाकण लावायचं राहिलंय.